दहीभाताने मोडलेली दाढ

तीन वर्षांपूर्वीची आषाढी द्वादशी. एकादशीचा उपवास सोडण्यासाठी आम्ही पाटावर बसलो होतो. पानात मऊ दहीभात होता आणि लिंबाच्या लोणच्याची मुरलेली फोड होती. दुसराच घास तोंडात घेतला, तोच उजव्या बाजूच्या खालच्या दाढेत ‘कट्’ असा आवाज झाला. आवाज बारीक होता, पण तो कानाच्या आतून आल्यासारखा ऐकू आला. पाठोपाठ एक कळ मस्तकापर्यंत गेली आणि जिभेला जाणवले, की आपली दाढ आता एक राहिलेली नाही. तिची दोन शकले झाली असून ती एकमेकांना घासत हलत आहेत.

तांदळात खडा राहिला असावा, असे वाटून आमच्या सौभाग्यवती ओशाळल्या. पण खडा नव्हता. घास ताटाच्या कडेला काढून बोटांनी चिवडून पाहिला, तेव्हा शिते आणि दही यांवाचून त्यात काहीच सापडले नाही. ज्या दाढेने चाळीसहून अधिक वर्षे कडक भाकरी, भाजलेले शेंगदाणे, सुपारीची खांडे आणि संक्रांतीचे तिळाचे लाडू निमूटपणे फोडले, ती दाढ दहीभाताने मोडावी! ज्याला ज्याला ही हकिकत सांगितली, तो तो हसला. तोंड उघडता आले असते, तर त्या दिवशी आम्हीही हसलो असतो.

पुढे थोडे वाचन केले आणि दंतवैद्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडले, तेव्हा ध्यानात आले, की दाढ दहीभाताने मोडलीच नव्हती. मोडण्याचे काम कित्येक वर्षे आतल्या आत चालू होते. दहीभात केवळ निमित्ताला कारण झाला. इतकेच नव्हे, तर शेवटच्या सहा महिन्यांत त्या दाढेने आम्हांस पुनःपुन्हा सावध केले होते. ती भाषा आम्हांस कळली नाही आणि ज्याला कळत होती त्याचे आम्ही ऐकले नाही. वाचकांपैकी कोणाकडून तरी ही चूक टळावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कठीण, पण ठिसूळ

दाताला आपण हाडाचाच एक प्रकार समजतो. ही समजूत खरी नाही. हाडात रक्त खेळते आणि जिवंत पेशी असतात, म्हणून मोडलेले हाड सांधते. दाताच्या बाहेरचे पांढरे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते तसे नाही. दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हाच एनॅमल घडवणाऱ्या पेशी नाहीशा झालेल्या असतात. मागे राहते ते कारागीर निघून गेल्यानंतरचे बांधकाम. त्याला तडा गेला, तर लिंपायला कोणी येत नाही.

हे कवच आपल्या शरीरातील सर्वांत कठीण वस्तू होय. वजनाने त्याचे शंभरांतील सुमारे ९६ भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या खनिजाचेच असतात. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी अडीच मिलिमीटरपर्यंत भरते आणि हिरडीजवळ येता येता ते सुरीच्या धारेसारखे पातळ होते. परंतु काठिण्य आणि चिवटपणा हे दोन गुण सहसा एकत्र नांदत नाहीत. काचेची बांगडी नखाने ओरखडत नाही, मात्र दगडावर आपटली की तिचे तुकडे होतात. नुसत्या एनॅमलचा दात असता, तर त्याचीही गत बांगडीसारखीच झाली असती.

म्हणून निसर्गाने त्याच्याखाली दुसरा थर घातला आहे. त्याचे नाव डेंटिन. यात वजनाने ७० भाग खनिज, सुमारे २० भाग कोलॅजन नावाचा तंतुमय पदार्थ व त्याचे सोबती, आणि उरलेले १० भाग पाणी असते. कोलॅजन आणि पाणी यांमुळे डेंटिन दाबाखाली किंचित लवते आणि दाब सुटला की पूर्ववत होते. चिनी मातीची फरशी शिसवी पाटावर पक्की बसवावी, तशी ही जोडी आहे. डेंटिनच्या पोटात शिरा व रक्तवाहिन्या यांनी भरलेला मऊ गाभा असतो आणि दुखते ते तेथे. शिवाय सबंध दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसून, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतक्या जाडीच्या तंतूंच्या अस्तरात टांगलेला असतो. प्रत्येक घासाचा धक्का हे अस्तर थोडाथोडा सोसते.

आणखी एक योजना तर पाहण्यासारखी आहे. एनॅमल हे एकसंध काचेसारखे नसून अतिसूक्ष्म काड्यांच्या जुडीसारखे आहे. एका मिलिमीटरच्या रुंदीत अशा सुमारे दोनशे काड्या मावतील. आतल्या बाजूला या काड्या सरळ न जाता, दोराचे पेड एकमेकांवरून जावेत तशा आडव्यातिडव्या जातात. त्यामुळे बाहेरून आत शिरणाऱ्या चिरेला सरळ वाट मिळत नाही. वळणे घेता घेता तिचा जोर सरतो. त्यातूनही ती पुढे गेलीच, तर एनॅमल व डेंटिन यांच्या सांध्यावर ती बहुधा अडते.

इस्राएलचे हर्झल चाय आणि अमेरिकेतील पीटर लुकास, ब्रायन लॉन आदी संशोधकांनी २००९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी माणसाचे आणि समुद्री पाणमांजराचे दात यंत्राखाली दाबून चिरा कोठे उगवतात ते पाहिले. त्यांना आढळले, की पुष्कळ चिरा बाहेरून नव्हे तर आतून, सांध्याजवळच्या गवताच्या झुबक्यांसारख्या जन्मजात कच्च्या जागांतून निघतात. अशा जागा पुष्कळ असल्यामुळे ताण एका ठिकाणी न साचता वाटला जातो, आणि तेथे प्रथिनयुक्त द्रव्य भरून चिरांना काही काळ थोपवून धरते. तात्पर्य, दात चिरा टाळत नाही, तर चिरांसह जगतो. वाचकहो, आरशासमोर बॅटरीचा उजेड तिरका पाडून पुढचे दात पाहा. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना केसासारख्या उभ्या रेषा दिसतील. त्या एनॅमलपुरत्याच असतात. त्यांनी दुखत नाही, आणि त्यांची धास्ती घेण्याचे कारणही नाही.

अडकित्त्याचा न्याय

आता दातांवर पडणारा भार किती, ते पाहू. सुपारी फोडताना जाणता माणूस ती अडकित्त्याच्या टोकाशी धरीत नाही. खिळीच्या जितकी जवळ धरावी, तितकी ती कमी श्रमात फुटते. आपला जबडा हाही एक अडकित्ताच आहे. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडले, म्हणजे त्याची खीळ कोठे आहे ते कळते. पटाशीचे दात तिच्यापासून दूर, दाढा जवळ. म्हणूनच पेरू पुढच्या दातांनी तोडावा आणि शेंगदाणा दाढेखाली फोडावा, हे कोणी न शिकवता लहान मुलालाही समजते.

रोजचे जेवण चावताना दाढांवर साधारणतः ५ ते १५ किलो वजनाइतका भार येतो. निरोगी प्रौढ माणसाने सगळा जोर लावला, तर तो ५० ते ७० किलोंपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ आपल्याच वजनाइतका. पुढच्या दातांच्या वाट्याला त्याचा तिसरा-चौथा हिस्सा येतो.

पण नुसत्या भाराने सगळे सांगून होत नाही. तो भार किती जागेवर पडतो, हा खरा प्रश्न. भाताचा घास सगळ्या दाढेवर पसरतो. त्याच भातात मोहरीएवढा खडा निघाला, तर सगळा जोर त्या एका टिंबावर येतो. मेंदूने जबडा आवरण्यापूर्वीच निमिषार्धात घाव बसून जातो. शिवाय वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खोलगट भागात बसतो. लाकूड फोडणारा ओंडक्यात पाचर ठोकतो, तशी ही रचना आहे. दाढ अखंड असेल, तोवर पाचर काही करू शकत नाही. पण मधला भाग पोखरलेला असेल, तर प्रत्येक घास म्हणजे पाचरेवरचा एक घाव होय.

आमच्या दाढेचे असेच झाले होते. तिशीत ती किडली, तेव्हा पुढूनमागून कोरून तिच्यात पाऱ्यात कालवलेली चांदी भरली होती. त्या काळी ती सर्रास भरली जाई. काम चोख होते आणि पंचवीस वर्षे टिकले. पण कोरल्याने दाढेचे पुढचे व मागचे बांध गेले आणि गालाकडची व जिभेकडची अशा दोन भिंती तेवढ्या सुट्या उभ्या राहिल्या. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९८९ साली रीह, मेसर व डग्लस यांनी उपदाढांवर याची मोजदाद केली. दाताच्या माथ्यापुरता खड्डा केला, तर त्याचा ताठपणा सुमारे २० टक्क्यांनी घटला. तोच खड्डा पुढचा व मागचा बांध तोडून आरपार नेला, तेव्हा घट ६३ टक्क्यांवर गेली. रूट कॅनॉलसाठी पाडलेल्या भोकाने मात्र केवळ ५ टक्के घट झाली. घराच्या आडव्या तुळया काढून टाकल्या की उभ्या भिंती डुगडुगतात, तसेच हे. त्यातही चांदी उष्णतेने दाताच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. वाफाळलेल्या चहावर गार पाणी पिण्याची सवय असेल, तर दोन्ही भिंतींना आतूनही रेटा बसत राहतो.

दोन रंगांची कडा

दाढ काढल्यानंतर दंतवैद्यांनी ती दोन शकले पाण्याने धुऊन आमच्या तळहातावर ठेवली. हे दंतवैद्य आमचेच जुने विद्यार्थी. “गुरुजी, कडा नीट पाहा,” ते म्हणाले. आम्ही चष्मा सावरून पाहिले. फुटलेल्या कडेचा बहुतांश भाग तपकिरी होता, जुन्या पुस्तकाच्या पानासारखा. मुळाकडची तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी तेवढी पांढरीशुभ्र होती.

“तपकिरी भाग म्हणजे गेली काही वर्षे,” ते म्हणाले, “आणि पांढरा भाग म्हणजे तुमचा दहीभात.”

सबंध विषयाचे सार आम्हांस त्या दोन रंगांत सापडले. चीर एकदा पडली, की तिच्या टोकाशी ताण एकवटतो. काच कापणारा कारागीर हिऱ्याने एक रेघ ओढतो आणि मग अंगठ्याच्या दाबाने काच त्याच रेघेवर तुटते, त्यामागे हेच तत्त्व आहे. इंग्रज अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास काचेवर प्रयोग करून ते गणिताने मांडले. काच मुळात कमजोर नसते, तिला कमजोर करतात त्या तिच्यातील बारीक चिरा, आणि चीर जितकी लांब, तितका ती वाढायला लागणारा जोर कमी. दाताला हाच न्याय लागू पडतो. पहिली चीर पडायला मोठा घाव लागत असेल, पण पुढचा मार्ग लहान घावांनीही कापला जातो.

याला थकव्याची जोड मिळते. लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही, पण मागेपुढे वाकवीत राहिले तर तुटते. एका जेवणात तीनशे वेळा चावतो असे धरले, तर दोन जेवणांचे सहाशे, वर्षाचे दोन लाखांवर आणि चाळीस वर्षांचे ८७ लाखांहून अधिक दाब होतात. त्यांतील प्रत्येकाने चीर वाढते असे नव्हे, पण कधीतरी एखाद्याने केसाच्या अंशाइतकी वाढते. शिवाय वयोमानाने डेंटिनमधील सूक्ष्म नळ्या खनिजाने भरत जातात, त्यामुळे दात आतूनही ठिसूळ होतो. तडकलेल्या दाढेचे दुखणे चाळिशीनंतर अधिक आढळते, त्याचे एक कारण हे.

जेवणाखेरीज एक भार असा आहे, की ज्याचा हिशेब आपण ठेवीत नाही. रागाने दात-ओठ खाणे हा आपल्या भाषेत वाक्प्रचार झाला आहे. पण अनेक माणसे झोपेत खरोखरच दात आवळतात व करकर घासतात. घास मध्ये नसल्याने दात थेट दातावर येतो, आणि जेवणापेक्षा कितीतरी अधिक वेळ ताण टिकतो. चिंतेच्या काळात हे वाढते. कोविडच्या महामारीत अमेरिकन डेंटल असोसिएशनने दंतवैद्यांची जी पाहणी केली, तिच्या २०२१ मधील निष्कर्षांत बहुसंख्य दंतवैद्यांनी दात खाण्याचे आणि दात तडकण्याचे रुग्ण वाढल्याचे सांगितले होते. सकाळी उठल्यावर जबडा अवघडलेला वाटत असेल, कानशिले ठणकत असतील, किंवा दातांचे माथे घासून सपाट झाले असतील, तर आपण रात्री दात खातो, अशी शंका घ्यावी.

सोडताना येणारी कळ

आता आमच्या मूर्खपणाची हकिकत सांगणे प्राप्त आहे.

दाढ मोडली त्या वर्षीच्या संक्रांतीला शाळेतल्या मुलांनी तिळगूळ दिला. चिक्कीच्या गुळाचे ते लाडू बेळगावच्या थंडीत दगडासारखे झाले होते. ‘गोड गोड बोला’ म्हणणाऱ्या मुलांना नाही कसे म्हणावे? तिसरा की चौथा लाडू फोडताना दाढेत सणकन कळ आली आणि लगेच नाहीशी झाली. त्यानंतर हा प्रकार अधूनमधून होऊ लागला. त्याची तऱ्हा चमत्कारिक होती. रोज दुखत नसे. मऊ खाल्ले तरी कधी दुखे, कडक खाऊनही कधी दुखत नसे. गार पाण्याने झिणझिणे. कोणती दाढ दुखते ते बोट ठेवून सांगता येत नसे. कधी वाटे वरची, कधी खालची, आणि एकदा तर कानाचेच दुखणे असावे असे वाटून आम्ही कानात तेल घातले. लवंग धरावी, की दोन दिवस बरे वाटे.

फेब्रुवारीत आमच्या विद्यार्थी-दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी क्ष-किरण चित्र काढले. त्यात काही दिसले नाही. त्यांनी विचारले, “गुरुजी, चावताना दुखते, की दाब सोडताना?” आम्ही उत्तरलो, “अरे, दुखणे ते दुखणे! त्यात चावताना काय आणि सोडताना काय?” ते नम्रपणे म्हणाले, “जुनी चांदी काढून खाली पाहिले पाहिजे. चीर असावी, असा मला संशय येतो.” आम्ही म्हटले, दहावीची परीक्षा होऊ दे, मग पाहू. परीक्षेनंतर पेपर तपासणी आली, मे महिन्यात पुतणीचे लग्न आले आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली. मुलांच्या वह्यांवर लाल शाईने ‘आजचा अभ्यास आजच करावा’ असे लिहिण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत, हे येथे नमूद केलेले बरे.

त्यांनी विचारलेला प्रश्न हीच खरी परीक्षा होती, हे पुढे समजले. १९६४ साली कॅमेरॉन नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने या दुखण्याला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’, म्हणजे तडकलेल्या दाताचा लक्षणसमूह, असे नाव दिले. चावून दाब सोडताना उमटणारी तीक्ष्ण, क्षणिक कळ ही त्याची सर्वांत बोलकी खूण. दाबाखाली चिरेचे दोन्ही काठ किंचित विलग होतात आणि दाब सुटताच झटक्याने मिटतात. डेंटिनमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. चीर मिटताना तो द्रव पिचकारीसारखा हलतो आणि गाभ्याजवळच्या शिरा चेतवतो. दाताच्या संवेदनेचा हा द्रवसिद्धान्त स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी पुष्ट केला. दाताच्या गाभ्याला वेदना कळते, पण वेदनेचे ठिकाण नीट कळत नाही. म्हणून कोणती दाढ दुखते ते रुग्णाला सांगता येत नाही.

क्ष-किरण चित्रात चीर का दिसू नये, हेही आम्हांस कोडे होते. दंतवैद्यांनी टेबलावरचे पुस्तक उचलून मुखपृष्ठ आमच्यासमोर धरले. “पानांमधली फट दिसते का?” दिसत नव्हती. मग त्यांनी पुस्तकाची कड आमच्याकडे वळवली. दाढेतील चीर बहुधा पुढून मागे जाते आणि किरण गालाकडून जिभेकडे जातात, म्हणजे ते पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडून पाहतात. तेव्हा ‘फोटोत काही नाही’ याचा अर्थ ‘दाढेत काही नाही’ असा होत नाही. त्यासाठी एकेका उंचवट्यावर छोटी काडी धरून चावायला व सोडायला लावतात, तेजस्वी उजेड आडवा टाकून तो कोठे अडतो ते पाहतात, निळा रंग लावून रेषा शोधतात, आणि गरज पडल्यास जुने भरण काढून भिंगाखाली तपासतात.

चाकाची धाव

चीर कोठवर गेली आहे, यावर सगळे अवलंबून असते. अमेरिकेतील रूट कॅनॉल-तज्ज्ञांच्या संघटनेने तिचे पाच प्रकार मानले आहेत. एनॅमलपुरत्या रेषा असतील, तर काही करावे लागत नाही. एखादा उंचवटाच निखळला, तर तो भरून किंवा टोपी बसवून बहुधा भागते. तडा दाताच्या माथ्यातून खाली उतरू लागला असेल, पण दाताचे दोन भाग झाले नसतील, तर दात वाचण्याची आशा असते. दात दुभंगला, किंवा मूळच उभे चिरले, तर बहुतेक वेळा तो काढावा लागतो. यांतील तिसरा प्रकार दुर्लक्षाने चौथ्यात जातो. आमची दाढ संक्रांतीला तिसऱ्या प्रकारात असावी आणि आषाढात चौथ्या प्रकारात गेली.

तिसऱ्या प्रकारात उपाय काय? आमच्या लहानपणी खेड्यात सुतार बैलगाडीचे चाक जोडीत आणि लोहार त्यावर तापवलेली लोखंडी धाव चढवीत. धाव निवून आवळली, की लाकडाचे सगळे तुकडे एकजीव होत. दंतवैद्य दाढेवर टोपी बसवतो, ती अशीच. सर्व बाजूंनी कवटाळून ती भिंतींना विलग होऊ देत नाही, त्यामुळे पाचरेचा जोर चिरेपर्यंत पोहोचत नाही. गाभ्याला आधीच सूज आली असेल, तर प्रथम रूट कॅनॉल करून मग टोपी बसवतात. चीर मात्र सांधत नाही, तिची वाढ थांबते किंवा मंदावते. प्रत्येक दात वाचतोच, असे कोणी प्रामाणिक दंतवैद्य सांगणार नाही. पण लवकर गेलेल्याचा वाचण्याचा संभव पुष्कळ अधिक, हे निश्चित.

याचा पुरावा आमच्याच घरात आहे. आमची दाढ गेल्यानंतरच्या नवरात्रात भिजवलेल्या हरभऱ्याची उसळ खाताना सौभाग्यवती एकदम थांबल्या. डाव्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, “अहो, चावताना नाही, सोडताना कळ आली.” ते वाक्य ऐकताच आमच्या हातचा घास खाली राहिला. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना घेऊन दवाखाना गाठला. घट बसले आहेत, दसरा होऊ द्या, असे त्या म्हणत होत्या. आम्ही ऐकले नाही. जुने भरण काढल्यावर तळाशी कोळ्याच्या तंतूसारखी तपकिरी रेषा दिसली. ती मुळापर्यंत पोहोचली नव्हती. गाभाही शाबूत होता. आठ-दहा दिवसांत टोपी बसली. त्या दाढेने त्या आजही भाकरी खातात. आम्ही मात्र उजव्या बाजूच्या पोकळीवरून जीभ फिरवीत डाव्या बाजूने जेवतो. दाढ गेल्याचे ऐकून नातलगांनी मऊ म्हणून कुंदा आणून दिला, एवढीच काय ती जमेची बाजू.

वाचकांसाठी चार गोष्टी थोडक्यात सांगतो. दात हे अडकित्ता, पक्कड किंवा बाटलीचे झाकण काढण्याचे हत्यार नव्हेत. बर्फाचे खडे चावू नयेत. सुपारी तर सोडलेलीच बरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच तिला कर्करोगजनक ठरवले आहे, तेव्हा दाढ वाचवणे हा तिच्या त्यागाचा दुय्यम लाभ. तांदूळ-डाळ निवडून घेण्याची आपल्या आयाआज्यांची शिस्त पाकीटबंद धान्याच्या दिवसांतही मोडू नये. मोठी जुनी भरणे असलेल्या दाढा वर्षातून एकदा दाखवाव्यात. झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर दंतवैद्याकडून रात्री घालण्याचे आवरण करून घ्यावे. आणि चावून सोडताना कळ आली, मग ती एकदाच का असेना, तर ती कोणत्या घासाला आली ते लक्षात ठेवून, काहीही न लांबवता, दंतवैद्याकडे जावे.

दाढेची ती दोन शकले आम्ही एका डबीत घालून शाळेतील टेबलाच्या खणात ठेवली आहेत. विज्ञानाच्या तासाला ती वर्गात फिरतात. मुले तपकिरी आणि पांढरी कडा निरखून पाहतात. एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, “गुरुजी, मग तुम्ही फेब्रुवारीतच का नाही गेलात?” या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून आम्ही त्याला खाली बसायला सांगतो.

घरी संक्रांतीचे लाडू अजून होतात. सौभाग्यवती ते फडक्यात बांधून वरवंट्याने हलकेच ठेचतात आणि चुरा आमच्या तळहातावर ठेवतात.